शंभर मिलिलिटर जळके ऑइल

इंजिनातले ऑइल काळे पडले की ते गेले, असे गॅरेजमध्ये सर्रास मानले जाते. डिपस्टिक ओढायची, टोकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळायचा, रंग बघायचा आणि निकाल द्यायचा. डिझेल गाडीच्या बाबतीत हा निकाल हमखास चुकतो. नवे ऑइल भरल्यावर काहीशे किलोमीटरांतच ते काळेभोर होते, कारण ज्वलनातून येणारी काजळी पकडून तरंगत ठेवणे हेच त्यातल्या काही रसायनांचे काम असते. ते काळे झाले म्हणजे काम करू लागले. उलट सोनेरी दिसणारे ऑइल पेट्रोल मिसळून पातळ झालेले असू शकते, त्यात कूलंट शिरलेले असू शकते, बोटांना न जाणवणारा बेअरिंगचा धातू त्यात फिरत असू शकतो. हे प्रयोगशाळेतच कळते, आणि प्रयोगशाळेला त्यासाठी शंभर मिलिलिटरच्या आसपास ऑइल पुरते. ते कसे काढले यावर पुढच्या अहवालाची सगळी भिस्त असते. खासगी गाडीच्या मालकाचे दुर्लक्ष नेमके तिथेच होते.

रेल्वेच्या शेडमधून

ही तपासणी मोटारींसाठी सुरू झालेली नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत वाफेच्या इंजिनांची जागा डिझेल इंजिने घेऊ लागली, तेव्हा डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वे कंपनीने आपल्या इंजिनांमधले वापरलेले ऑइल वर्णपटाने तपासायला सुरुवात केली. ऑइलमध्ये कोणता धातू वाढतो आहे ते पाहायचे आणि आतला कोणता भाग झिजतो आहे ते इंजिन न खोलता ओळखायचे, ही त्यामागची कल्पना. पुढच्या दशकात अमेरिकी नौदलाने ती विमानांच्या इंजिनांना लावली. नंतर खाणीतली यंत्रे, जहाजे, जनरेटर आणि मालमोटारी या वाटेने ती जगभर पसरली.

भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही प्रयोगशाळा हा देखभालीचा नेहमीचा भाग आहे. एका डिझेल इंजिनात शेकडो लिटर ऑइल असते आणि ते इंजिन गाडीसह घाटात बसले तर सगळा मार्ग अडतो. तिथे तपासणीचा खर्च आपोआप वसूल होतो.

अशा शेडमध्ये महागड्या उपकरणांच्या जोडीने एक अगदी साधी तपासणीही चालते. गाळण कागदावर वापरलेल्या ऑइलचा एक थेंब टाकायचा आणि कागद आडवा ठेवून काही तास थांबायचे. थेंब पसरत जातो. काजळी नीट तरंगत असेल तर मधला काळा डाग कडेकडे हळूहळू फिकट होत जातो. ऑइलची काजळी धरून ठेवण्याची ताकद संपली असेल तर सगळा काळा गाळ मध्यभागी गोळा होतो आणि त्याची कड सुरीने कापल्यासारखी दिसते. इंधन मिसळले असेल तर बाहेर एक फिकट, रुंद कडे उमटते. ही तपासणी घरीही करता येते. आकडे मिळत नाहीत, पण डाग तारखेनिशी जपून ठेवले तर फरक दिसतो.

खासगी गाडीत तीन ते पाच लिटर ऑइल असते आणि ते बदलणे फार खर्चाचे नसते. त्यामुळे ऑइल वाचवण्यासाठी तपासणी करायची, हा रेल्वेचा हिशेब इथे लागू पडत नाही. तरीही अमेरिकेत हौशी आणि चिकित्सक गाडीमालकांची मागणी एवढी आहे, की इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावी १९८५ मध्ये सुरू झालेली ब्लॅकस्टोन ही प्रयोगशाळा टपालाने आलेल्या अशा बाटल्यांसाठीच ओळखली जाते. या मालकांना जाणून घ्यायचे असते ते इंजिनाबद्दल. धूळ आत जाते आहे का, हेड गॅस्केट सुटते आहे का, लाखभर किलोमीटर झालेली गाडी अजून ठेवावी की काढावी, असे त्यांचे प्रश्न असतात. भारतातल्या मालकालाही तपासणी उपयोगी पडते ती याच प्रश्नांसाठी. वॉरंटीतल्या गाडीचे ऑइल कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या मुदतीतच बदलावे. चांगला अहवाल दाखवून ती मुदत लांबवता येत नाही.

प्रयोगशाळा काय मोजते

पहिली मोजणी धातूंची. ऑइल पातळ करून त्याचा फवारा आर्गॉन वायूच्या हजारो अंश तापमानाच्या प्लाझ्मात सोडतात. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश देते आणि त्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून प्रमाण कळते. काही ठिकाणी फिरत्या कार्बनच्या चकतीवर ऑइल घेऊन ठिणगी पाडतात, तत्त्व तेच. उत्तर येते ते पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग.

लोखंड येते ते सिलिंडर, क्रँक आणि कॅमशाफ्टमधून. अॅल्युमिनियम बहुधा पिस्टनचे, क्रोमियम रिंगांचे. तांबे, शिसे आणि कथील बेअरिंगकडे बोट दाखवतात. सिलिकॉन म्हणजे बहुतेक वेळा रस्त्यावरची धूळ. सोडियम आणि पोटॅशियम वाढले तर कूलंटचा संशय घ्यावा लागतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, फॉस्फरस, मॉलिब्डेनम आणि बोरॉन ही मात्र कारखान्यातच ऑइलमध्ये घातलेली असतात. पहिल्यांदा अहवाल हाती घेणारा मालक जस्ताचा आठशे-नऊशेचा आकडा पाहून हादरतो. त्यात घाबरण्यासारखे काही नसते.

या मोजणीला एक मर्यादा आहे आणि ती अहवालावर ठळक छापलेली नसते. पाच ते आठ मायक्रॉनपेक्षा मोठे कण या यंत्रांना नीटसे दिसत नाहीत. सावकाश होणारी झीज बारीक कणांची असते, ती पकडली जाते. पण बेअरिंगचे पापुद्रे सुटू लागले असतील तर ते मोठे तुकडे ऑइल फिल्टरमध्ये जाऊन बसतात आणि अहवाल निर्मळ येऊ शकतो. म्हणून ज्याला इंजिनाची खरी काळजी आहे त्याने काढलेला फिल्टरही उघडून पाहावा. तो करवतीने कापू नये, कारण करवतीचाच कीस आत पडतो. डब्यासारखा गोल कापणारा कटर मिळतो, तो वापरावा. आतला कागद पसरून उजेडात धरला की चकाकणारे कण दिसतात, आणि चुंबक फिरवला की त्यातले लोखंडाचे कोणते ते कळते.

दुसरी मोजणी दाटपणाची, म्हणजे श्यानतेची. १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती सहज वाहते ते पाहतात. एसएईच्या वर्गवारीप्रमाणे ३० ग्रेडचे ऑइल या तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असले पाहिजे. समजा ५डब्ल्यू-३० ऑइल वापरून झाल्यावर ८.६ भरले. आता दोन शक्यता उरतात. एक तर त्यात इंधन मिसळले, किंवा ऑइल दाट ठेवणारी बहुवारिके गिअर आणि चेनच्या दाबाखाली तुटली. निवाडा करायला ज्वलनबिंदू कामी येतो. नव्या ऑइलची वाफ पेट घ्यायला २०० अंशांच्या वर तापमान लागते; इंधन मिसळले की हा आकडा चांगलाच खाली येतो. ज्वलनबिंदू जागेवर असेल तर दोष बहुवारिकांच्या तुटण्याचा. असा एका आकड्याचा अर्थ दुसऱ्या आकड्यावरून लावावा लागतो.

बीएस-६ डिझेल गाड्यांत इंधन मिसळण्याचा प्रश्न खास आहे. १ एप्रिल २०२० पासून या गाड्या देशभर आल्या आणि त्यांच्याबरोबर सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टरही सर्रास आला. तो फिल्टर जाळून साफ करण्यासाठी बऱ्याच इंजिनांत थोडे जास्तीचे डिझेल उशिरा सिलिंडरमध्ये सोडतात. त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरते. डिझेल पेट्रोलइतके सहज उडून जात नाही, ते तिथेच राहते. शहरातल्या शहरात, सिग्नल ते सिग्नल फिरणाऱ्या गाडीत साफसफाई अर्धवट राहून पुन्हा पुन्हा सुरू होते आणि डिपस्टिकवरची पातळी कमी होण्याऐवजी वाढू लागते. ऑइल वाढले म्हणजे गाडी ऑइल पीत नाही, असे समजून खूश होणारे मालक कमी नाहीत. ही खरे तर तातडीने दाखवण्याची गोष्ट आहे.

पाणी शोधण्याची जुनी रीत आजही चालते. साधारण १६० अंशांपर्यंत तापवलेल्या तव्यावर ऑइलचा थेंब टाकतात. पाणी असेल तर तो फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडतो. नेमके प्रमाण हवे असेल तर त्यासाठी वेगळी रासायनिक चाचणी असते. याखेरीज आम्ल मारण्याची ऑइलची शिल्लक ताकद, म्हणजे बेस नंबर, मोजतात. बीएस-६ इंधनात गंधक १० पीपीएमपर्यंत खाली आणल्यामुळे हा आकडा आता पूर्वीइतका भराभर उतरत नाही. अवरक्त किरणांनी ऑक्सिडेशन आणि काजळी पाहतात, पण त्यासाठी त्याच ऑइलचा न वापरलेला नमुना सोबत हवा.

तो न वापरलेला नमुना आणखी एका कारणासाठी मोलाचा आहे. नावाजलेल्या कंपनीच्या डब्यात भलतेच ऑइल भरून विकण्याचा धंदा आपल्याकडे चालतो. खात्रीच्या ठिकाणाहून घेतलेल्या डब्यातले थोडे ऑइल एकदा तपासून ठेवले, तर पुढच्या डब्यात कॅल्शियम, जस्त आणि फॉस्फरस त्याच मापाचे आहेत की नाही ते ताडून पाहता येते. सील आणि होलोग्राम पाहण्यापेक्षा ही खात्री कितीतरी पक्की.

नमुना काढताना

बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी. ती कोरडी, स्वच्छ आणि घट्ट झाकणाची असते. पाण्याची किंवा खोकल्याच्या औषधाची बाटली धुऊन वापरली की साबणातले सोडियम आणि तळाशी राहिलेला ओलावा अहवालात उतरतो, आणि कूलंट शिरल्याची खोटी आवई उठते. बाटली आतून फडक्याने पुसू नये, झाकण उघडून गॅरेजच्या फळीवर ठेवू नये.

इंजिन गरम हवे. थंड गाडीत जड कण आणि पाणी इंजिनाखालच्या ऑइल चेंबरच्या तळाशी बसलेले असतात. गाडी वीस-पंचवीस मिनिटे नेहमीसारखी चालवली की सगळे एकजीव होते. गाडी बंद केल्यावर अर्ध्या तासाच्या आत नमुना घ्यावा. नेहमीसारखी चालवणे याला महत्त्व आहे. एका वेळी नमुना पुण्याहून कोल्हापूरपर्यंतच्या दौडीनंतर घेतला आणि पुढच्या वेळी भाजी आणायला गेल्यावर घेतला, तर पहिल्यात पेट्रोल उडून गेलेले असेल आणि दुसऱ्यात असेल. दोन अहवालांतला फरक इंजिनाचा न राहता प्रवासाचा होतो.

ऑइल बदलायचेच असेल तर ड्रेन बोल्टमधून नमुना घेणे सोपे. बोल्टभोवतीची माती आधी फडक्याने आणि ब्रश मारून पूर्ण काढावी, नाहीतर तीच सिलिकॉन म्हणून मोजली जाते. बोल्टच्या आट्यांना तांबेयुक्त ग्रीस लावलेले असेल तर तेही पुसावे. बेअरिंग शाबूत असताना तांब्याचा आकडा चढण्याचे ते एक कारण असते. बोल्ट सुटल्यावर पहिली धार घ्यायची नाही. तिच्याबरोबर तळाचा गाळ येतो. साधारण निम्मे ऑइल ट्रेमध्ये जाऊ द्यावे आणि मग वाहत्या धारेखाली बाटली धरून ती तीनचतुर्थांश भरावी. ऑइल ८०-९० अंशांचे असते, हात भाजतो. लांब हातमोजे घालावेत. सगळे ट्रेमध्ये पडू देऊन नंतर तिथून बाटली भरण्याची पद्धत मात्र पूर्ण चुकीची आहे. त्या ट्रेमध्ये आधीच्या दहा गाड्यांचे अवशेष असतात.

मधल्या काळात, ऑइल न बदलता नमुना हवा असेल तर डिपस्टिकच्या नळीतून तो ओढून काढतात. त्यासाठी हाताने ओढायचा छोटा व्हॅक्यूम पंप असतो. त्याच्या खालच्या आट्यांत बाटली बसते आणि वरच्या भोकातून पातळ प्लॅस्टिकची नळी आत जाते. प्रत्येक गाडीसाठी, प्रत्येक वेळी नळी नवी. आधी डिपस्टिक बाहेर काढून नळी तिच्या शेजारी धरायची आणि डिपस्टिक जिथे टेकते तिथे नळीवर खूण करायची. नळीचे टोक खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये, ऑइलच्या पोटात राहिले पाहिजे. अंदाजाने ढकलत गेले की ती चेंबरच्या तळाला टेकते आणि गाळ खेचते. पंपाचा दांडा दोन-तीनदा ओढल्यावर नळीतून काळी रेघ हळूहळू वर चढताना दिसते. पहिले थोडे ऑइल दुसऱ्या बाटलीत टाकून द्यायचे, नळी त्याने धुतली जाते. मग खरी बाटली लावायची. ती भरत आली की पंप किंचित सैल करायचा, हवा आत शिरते आणि धार थांबते. या सगळ्या वेळात बाटली उभीच हवी. ती आडवी झाली आणि ऑइल पंपात गेले, तर पुढच्या गाडीच्या नमुन्यात ते हजर होते.

काही गाड्यांत डिपस्टिकची नळी फारच अरुंद असते, काही महागड्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. तिथे ड्रेन बोल्टशिवाय मार्ग नाही. ज्या वाटेने पहिला नमुना घेतला त्याच वाटेने पुढचे सगळे घ्यावेत, हा नियम मात्र कोणत्याही गाडीला लागू आहे.

बाटलीबरोबरचा कागद

गाडीचे मॉडेल, इंजिन, एकूण किलोमीटर, हे ऑइल भरल्यापासूनचे किलोमीटर, ऑइलचे नाव आणि ग्रेड, मध्ये किती टॉपअप केले, एअर फिल्टर कधी बदलला, एवढे लिहिल्याशिवाय बाटली पाठवू नये. ऑइलवर किती किलोमीटर झाले हे माहीत नसेल तर लोखंडाचा आकडा निरर्थक ठरतो. ५,००० किलोमीटरांत २० पीपीएम आणि १०,००० किलोमीटरांत २० पीपीएम, यांत झिजेचा वेग दुप्पट फरकाचा आहे. टॉपअपही सांगितलेच पाहिजे. चार लिटरच्या इंजिनात मधूनमधून दीड लिटर ताजे ऑइल पडले असेल तर प्रत्येक धातूचा आकडा पातळ होऊन खोटे समाधान देतो.

२० पीपीएम म्हणजे प्रत्यक्षात किती, हेही पाहण्यासारखे आहे. चार लिटर ऑइलचे वजन सुमारे ३.४ किलो. त्यात २० पीपीएम लोखंड म्हणजे जेमतेम ६८ मिलिग्रॅम. तेवढीच झीज तीन लिटरच्या इंजिनात झाली असती तर आकडा सुमारे २७ आला असता. दोन वेगळ्या गाड्यांचे आकडे शेजारी ठेवून ही चांगली, ती वाईट असे ठरवता येत नाही ते यामुळे.

अहवाल वाचताना

पहिला अहवाल फारसे काही सांगत नाही, ढोबळ बिघाड असेल तरच बोलतो. तिसऱ्या-चौथ्या अहवालापासून त्या इंजिनाची स्वतःची चाल कळू लागते. नव्या गाडीच्या पहिल्या ऑइलमध्ये लोखंड, तांबे आणि सिलिकॉन भरपूर असतात, कारण भाग एकमेकांशी जुळत असतात आणि कारखान्यात लावलेल्या सीलंटमधले सिलिकॉन सुटत असते. ते पुढच्या दोन-तीन बदलांत उतरत जाते. तांबे एकटेच वाढले, शिसे आणि कथील जागच्या जागी असले, तर ते ऑइल कूलरमधूनही आलेले असू शकते. टर्बो गाडीत पोटॅशियम आणि अॅल्युमिनियम जोडीने दिसले तर इंटरकूलरच्या जोडकामातल्या रसायनाचा अंश असण्याची शक्यता असते. तिथे लगेच हेड गॅस्केट उघडणे ही घाई होईल. पण सोडियम-पोटॅशियम वाढले आहे आणि कूलंटची टाकीही अधूनमधून भरावी लागते, अशी गाठ पडली तर थांबू नये.

महाराष्ट्रातल्या गाड्यांना सर्वांत जास्त लागू पडणारी खूण सिलिकॉनची. सिलिकॉन, लोखंड आणि अॅल्युमिनियम तिन्ही एकत्र चढले तर धूळ गाळली न जाता आत जाते आहे. खडीच्या रस्त्यांवर, खोदकामातून वाट काढत चालणाऱ्या गाडीत हे होतेच. पण दोष दर वेळी रस्त्याचा नसतो. सर्व्हिसिंगला एअर फिल्टर काढून त्याला कॉम्प्रेसरची हवा मारायची आणि तोच परत बसवायचा, ही आपल्याकडची जुनी सवय. जोराच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात. कधी फिल्टरच्या खोक्याची एक क्लिप नीट बसलेली नसते, कधी पुढचा रबरी पाइप तडकलेला असतो. शंभर-दोनशे रुपये वाचवायला गेलेल्या या हवेमुळे रिंगा आणि बोअर अकाली झिजतात, आणि ते कळते तेव्हा इंजिन काम काढायची वेळ आलेली असते. अहवाल हे बरेच आधी सांगतो. सगळ्या तपासणीतून एकच गोष्ट उचलायची तर ती ही आहे.

जुनी गाडी घेताना अहवाल मागणे शहाणपणाचे, पण विक्रेत्याने आदल्या आठवड्यात ऑइल बदलले असेल तर त्यात काहीच सापडणार नाही. निदान दोन-तीन हजार किलोमीटर चाललेले ऑइल हवे.

दुचाकीचे वेगळे गणित

बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच यांना एकच ऑइल वंगण पुरवते. त्यामुळे लोखंडात गिअरच्या दातांचा वाटा असतो, आणि क्लच प्लेटांची झीजही त्यातच येते. गाडीच्या आकड्यांशी दुचाकीचे आकडे जुळत नाहीत आणि जुळवू नयेत. शिवाय तिच्यात लिटरभरच ऑइल असते. त्यातले शंभर मिलिलिटर मध्येच काढले तर दहावा हिस्सा गेला. दुचाकीचा नमुना ऑइल बदलतानाच घ्यावा.

पाठवणी

भारतातल्या ऑइल तपासणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळा कारखाने, जनरेटर, खाणी आणि वाहतूकदार यांच्यासाठी काम करतात. एका गाडीची एक बाटली घेतात का, हे आधी फोन करून विचारावे. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलची मान्यता नेमक्या कोणत्या चाचण्यांसाठी आहे तेही पाहावे. इंधन मिसळल्याची तपासणी मूळ दरात आहे की वेगळी, हा प्रश्न डिझेल गाडीवाल्याने विसरू नये. बाटलीचे झाकण घट्ट करून ती दोन पिशव्यांत बांधावी, भोवती शोषून घेणारा कागद गुंडाळावा आणि कुरिअरवाल्याला आत काय आहे ते खरे सांगावे. नमुना आठवडाभर डिकीत पडू देऊ नये.

अहवालात एखादा आकडा अचानक उसळलेला दिसला तर इंजिन खोलण्याआधी दुसरा नमुना काढावा, त्याच वाटेने, आणखी काळजीने. पुष्कळदा उसळी नमुन्यातली असते. दुसऱ्यांदाही तोच आकडा आला, तर मेकॅनिकपाशी जाताना दोन्ही कागद बरोबर न्यावेत. नुसते इंजिन बघा म्हणण्याऐवजी एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतची वाट तपासा, किंवा कूलिंग सिस्टीमला दाब देऊन पाहा, असे नेमके सांगता येते.

उरलेल्या ऑइलचीही सोय लावावी लागते. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून जळके ऑइल फासण्याची पद्धत गावोगाव आहे, पण त्यात कातडीला अपायकारक संयुगे आणि धातू असतात. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या ऑइलचा समावेश आहे. ते गटारात किंवा मातीत न ओतता, झाकणबंद कॅनमध्ये साठवून, अधिकृत पुनर्शुद्धीकरणासाठी ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.